‘हेबिअस कॉर्पस’ म्हणजे काय?

(वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्तमानपत्रात ‘हेबिअस कॉर्पस’ हे शब्द दिसले की आपण पान उलटतो. लॅटिनमधला अर्थ साधा आहे : ‘देह तुझ्याजवळ असू दे.’ म्हणजे कोर्टात येताना तो माणूस बरोबर घेऊन ये. हा हुकूम कोंडलेल्याला नसतो, कोंडणाऱ्याला असतो. आणि कोणत्या कायद्याने कोंडले, ते त्यानेच सांगायचे असते. मराठीत यास ‘बंदिप्रत्यक्षीकरण’ म्हणतात. ते म्हणताना माझी तरी जीभ अडखळते!

जेम्स सॉमरसेट नावाचा गुलाम लंडनमध्ये मालकाकडून पळाला. त्याला पकडून, जमैकात विकण्यासाठी, बेड्या घालून जहाजावर ठेवले. तेव्हा त्याच्या बाप्तिस्म्याच्या वेळी मानलेल्या आईबापांनी कोर्टात अर्ज केला. त्यांत एलिझाबेथ केड ही बाई होती. आपल्या मालावर आपला ताबा, हा मालकाचा दावा. पण माणसाला असे बळजबरीने परदेशी नेण्याची मुभा देणारा कायदा इंग्लंडात नाही, असे म्हणून लॉर्ड मॅन्सफील्ड यांनी २२ जून १७७२ रोजी सॉमरसेटला मोकळे केले. गुलामगिरी त्या दिवशी संपली नाही, हेही खरे.

आपल्या घटनेत कलम ३२ व २२६ अन्वये हा अर्ज करता येतो. तो कोंडलेल्यानेच करावा असे नाही. आई, बहीण, मैत्रीणही करू शकते. आणीबाणीत मात्र, २८ एप्रिल १९७६ रोजी, सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक मताने हे दार बंद केले. विरोधातले एक मत न्यायमूर्ती खन्ना यांचे. बहुमतात यशवंत चंद्रचूड होते. २०१७ साली तो निर्णय चुकीचा ठरवणाऱ्या पीठात त्यांचेच चिरंजीव धनंजय चंद्रचूड होते.

आता आपल्या घरातली गोष्ट. केरळात एका सज्ञान मुलीच्या वडिलांनी हाच अर्ज केला. २०१७ मध्ये तिथल्या उच्च न्यायालयाने तिचा विवाह रद्द ठरवून तिला आईवडिलांच्या स्वाधीन केले. वडिलांची काळजी मला समजते. पण सोडवणुकीसाठी निघालेल्या अर्जाने मुलगीच कोंडली गेली, हे कसे? सर्वोच्च न्यायालयाने तिला बोलावून तिचेच म्हणणे ऐकले आणि ८ मार्च २०१८ रोजी उच्च न्यायालयाचा निर्णय रद्द केला.

वकिलाच्या फीची धास्ती वाटते ना? १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्यान्वये स्त्रियांना मोफत वकील मिळतो, आणि त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. चौकशी जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाच्या कचेरीत करावी.