सुळाजवळची माणसं

दोस्तांनो, मी गोदीत माल उचलतो. शिक्षण दहावी. संस्कृत नाटकावर बोलणार म्हटल्यावर मागं कोणीतरी हसलं. हसू द्या. आपल्या कविता वाचून लोक म्हणतात, ही पोरं सुसंस्कृत नाहीत. म्हटलं, चला, संस्कृतातच जाऊन बघू सुसंस्कृत कोण ते.

शूद्रकाचं 'मृच्छकटिक'. दहा अंकी. देवलांनी ते मराठी संगीत रंगभूमीवर आणलं. चारुदत्त-वसंतसेनेचं प्रेम सगळ्यांना ठाऊक. मी बोलणार कडेच्या माणसांवर.

शर्विलक बघा. जातीनं ब्राह्मण, काम घरफोडीचं. भिंतीला भोक पाडताना मापाची दोरी विसरतो, तर जानव्यानं माप घेतो! आणि चोरी कशासाठी? मदनिका नावाच्या दासीला पैसे भरून सोडवायला. उज्जयिनी एवढी नटलेली नगरी, पण तिथं माणसाला किंमत लावलेली होती.

दुसरा स्थावरक. राजाचा मेव्हणा शकार, त्याचा हा गुलाम, गाडी हाकणारा. शकार म्हणतो, वसंतसेनेला मार, सोनं देतो. हा म्हणतो, मालक, माझ्या शरीरावर तुमची सत्ता, माझ्या वागण्यावर नाही. मार खातो, पण हात उचलत नाही. मग शकार स्वतःच तिचा गळा दाबतो, आळ चारुदत्तावर घालतो आणि स्थावरकाला बेड्या घालून कोंडतो. ती जगते एका बौद्ध भिक्षूमुळं. तो आधी अंग चेपणारा, जुगारी होता.

न्यायाधीश काय म्हणतो? मनूच्या आधारानं ब्राह्मणाला मारू नये, हद्दपार करा. राजा पालक म्हणतो, सुळावर द्या. स्थावरक बेड्यांसकट वरून उडी टाकतो, भर रस्त्यात खरं ओरडून सांगतो. कोणी मानत नाही. गुलाम ना! वर शकारानं त्याला चोर ठरवलेला. मुकादमासमोर ज्यानं तोंड उघडलंय त्याला हे समजावायला नको.

आणि सुळाकडं नेणारे ते दोन चांडाळ. चारुदत्ताचं पोर त्यांना 'चांडाळ' म्हणतं. ते सांगतात, चांडाळाच्या घरात जन्मलो तरी आम्ही चांडाळ नव्हं. भल्या माणसाला छळतो तो चांडाळ. नाटकातलं हे सगळ्यात सभ्य बोलणं संस्कृतात नाही, प्राकृतात आहे. चारुदत्त त्यांच्याकडं काही मागतो, तेव्हा ते विचारतात, आमच्या हातचं घेशील? मरणाच्या दारातही तो आधी चपापतो. मागणं काय, तर पोराचं तोंड बघू द्या.

शेवटी गवळ्यांतला आर्यक राजा होतो. पालक मारला जातो. बक्षिसं वाटली जातात. स्थावरकाची गुलामी सुटते, भिक्षू सगळ्या विहारांचा प्रमुख होतो. आणि चांडाळांना? सगळ्या चांडाळांचं पुढारीपण! राजा बदलला, सूळ जागच्या जागी, त्याला जुंपलेले हातही तेच.

दोस्तांनो, असलं पुढारीपण आपल्याही दारात येतं. कोणी हारतुरे घेऊन आला, तर आधी एवढंच विचारा: सूळ उपटणार का? उत्तर आलं नाही, तर हार त्याच्याच हातात राहू द्या.