संदर्भांचा प्रवाह कोठे अडतो?

(ज्ञातिमंडळाच्या माकणी येथील वार्षिक संमेलनात दिलेले भाषण)



विद्यार्थ्यांस उपयोगी पडेल अशा विषयावर चार शब्द सांगावे, अशी चालकांनी आम्हांस आज्ञा केली. आमचे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आयुष्य गेले ते शाळेच्या फळ्यापुढे. परंतु आपल्या ज्ञातीतील मुलेमुली आता पीएच.डी.पर्यंत जाऊ लागली आहेत. सेवानिवृत्तीनंतर त्यांच्या संगणकाशेजारी बसून आम्ही जे पाहिले व शिकलो, तेवढेच येथे निवेदन करितो.

प्रबंध लिहिणाऱ्यास शेकडो ग्रंथ व लेख वाचावे लागतात. कोणते मत कोणाचे, ते कोणत्या ग्रंथात, कोणत्या वर्षी व कोणत्या पृष्ठावर आले, याची नोंद ठेवावी लागते. शंकर गणेश दाते यांनी १८०० पासूनच्या मराठी ग्रंथांची सूची सिद्ध केली, ती एकेका ग्रंथाची नोंद हाताने करून. तेच काम आज संगणकावर करणारी साधने आहेत. त्यांतील झोटेरो हे २००६ साली अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठात तयार झाले व ते विनामूल्य मिळते. ब्राउझरमध्ये लेख उघडून एक कळ दाबली की लेखक, शीर्षक, वर्ष ही सर्व माहिती संग्रहात येऊन पडते.

ही सोय मोठी खरी. पण ती मध्येच बंद पडली म्हणजे विद्यार्थी घाबरून जातो. त्याचे घाबरणे अस्थानी नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांप्रमाणे प्रबंधातील मजकुराचे इतर लेखनाशी असलेले साम्य तपासले जाते. ते शेकडा १० पर्यंत असल्यास दंड नाही. शेकडा ६० च्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. योग्य श्रेय देऊन घेतलेले अवतरण या मोजणीतून वगळलेले असते. म्हणजे एखाद्या उताऱ्याचा संदर्भ हरवला, तर जे प्रामाणिकपणे घेतले तेच उसनवारी किंवा चोरी ठरू शकते. ज्या आईबापांनी शेतीच्या उत्पन्नातून मुलीची फी भरली, त्यांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही.

आता बिघाड शोधावा कसा? माकणीकरांस हे सांगण्यास दूर जावयास नको. आपल्या गावी तेरणेवर निम्न तेरणा धरण आहे. शेतात पाणी आले नाही तर शहाणा शेतकरी प्रथम धरणास दोष देत नाही. तो दार पाहतो, कालवा पाहतो, चारी पाहतो, आणि पाणी जेथे थांबले तेथेच फावडे चालवितो. संदर्भाचाही प्रवाह असाच आहे: लेखाचे पान, ब्राउझरमधील जोड, संगणकावरील झोटेरो आणि शेवटी संग्रह. एकेक सांधा क्रमाने तपासावा, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या म्हणजे दोष कोणता होता हे कधीच कळत नाही.

पहिली तपासणी जोडाची. २०१७ पासून झोटेरो हा संगणकावरचा स्वतंत्र कार्यक्रम आहे आणि ब्राउझरमध्ये कनेक्टर नावाची निराळी जोड बसवावी लागते. एक असून दुसरे नसेल तर काम अपुरे होते. मोबाईलवरील क्रोममध्ये ही जोड बसत नाही, आणि खाजगी खिडकीत ती मुद्दाम परवानगी दिल्याविना चालत नाही.

दुसरी तपासणी, झोटेरो उघडे आहे काय? पुष्कळदा सर्व बिघाडाचे मूळ इतकेच असते. ते उघडे असूनही ब्राउझर त्यास ओळखत नसेल, तर दोन्ही बंद करून पुन्हा सुरू करावे. तरीही न जुळल्यास विषाणुरोधक कार्यक्रम किंवा फायरवॉल त्यांचे परस्पर बोलणे अडवीत आहे काय ते पाहावे.

तिसरी तपासणी पानाची. कनेक्टरचे चिन्ह लेखासाठी कागदाचे, ग्रंथासाठी पुस्तकाचे व अनेक नोंदींसाठी फोल्डरचे होते. ते तसे न बदलल्यास दुसऱ्या एखाद्या संकेतस्थळावरचा लेख घेऊन पाहावा. तेथे काम झाले तर जोड निर्दोष. अडचण पहिल्या पानातच आहे. संकेतस्थळाची मांडणी बदलली की त्यातील माहिती वाचणे कनेक्टरला काही काळ जमत नाही. अशा वेळी ग्रंथाचा आयएसबीएन किंवा लेखाचा डीओआय क्रमांक झोटेरोत घालून नोंद मिळविता येते. जुन्या मराठी पुस्तकांच्या छायाप्रतींत मात्र हा क्रमांकही नसतो. तेथे मुखपृष्ठ समोर ठेवून हातानेच लिहावे.

चौथी तपासणी संग्रहाची. नोंद हरवली असे वाटते, तेव्हा ती बहुधा दुसऱ्याच विभागात गेलेली असते. कारण नोंद त्या वेळी निवडलेल्या विभागात पडते. ‘माय लायब्ररी’ या मूळ दालनात सर्व नोंदी दिसतात, तेथे शोधावे. कचरापेटीही पाहावी, पण लवकर पाहावी, कारण तेथील नोंदी साधारणतः ३० दिवसांनी आपोआप नष्ट होतात.

इतके सर्व सुरळीत झाले तरी एक काम यंत्राकडून होत नाही, आणि तेच आम्हांस सर्वांत महत्त्वाचे वाटते. आपल्या ज्ञातीतील एक कन्या ३० सप्टेंबर १९९३ च्या भूकंपानंतरच्या पुनर्वसनाचा अभ्यास करीत आहे. ‘धाराशिव’ असे घालून शोधले असता तिला आपल्याच संग्रहातील जुने लेख सापडेनात. दोष यंत्राचा नव्हता. जिल्ह्याचे नाव २०२३ साली बदलले. त्यापूर्वीच्या लेखांत उस्मानाबाद असेच असणार. शिवाय लातूर जिल्हा १९८२ साली निराळा झाला, म्हणून किल्लारीविषयीचे त्यापूर्वीचे कागद उस्मानाबाद जिल्ह्याखाली असतात. तिने लेखांची शीर्षके बदलली नाहीत, हे योग्य केले. लेखकाने जे छापले तेच संदर्भात राहिले पाहिजे. तिने प्रत्येक नोंदीस दोन्ही नावांच्या खुणा तेवढ्या जोडल्या. पान जी माहिती देते तीच यंत्र उचलते. पानावर आडनाव चुकले असेल तर संग्रहातही चुकते. म्हणून प्रत्येक नोंद आली त्याच दिवशी मूळ लेखाशी ताडून पाहावी.

दोन सूचना करून आम्ही थांबतो. पहिली: संग्रहाची एक प्रत निराळ्या डिस्कवर ठेवावी, आणि झोटेरोची मूळ माहिती ड्रॉपबॉक्स किंवा वनड्राइव्ह यांच्या फोल्डरात कधीही ठेवू नये, त्याने संग्रह बिघडतो. दुसरी मंडळास: संशोधन करणाऱ्या मुलांनी महिन्यातून एक दिवस एकत्र बसून एकमेकांच्या अडचणी सोडवाव्या, अशी व्यवस्था चालकांनी करावी. त्यास खर्च काही नाही. ज्याचे त्याला श्रेय देणे हा विद्येचा पहिला धर्म होय, आणि नीट ठेवलेला संदर्भ हे त्याचेच आचरण आहे.