बंब कधी निघाला, कधी पोचला?

राज्यशास्त्राच्या वर्गात 'डेटा' म्हटलं की सगळे निवडणुकीवर बोलतात. मी आगीच्या बंबावर बोलणार आहे. गोष्ट न्यूयॉर्कची.

1969 मध्ये तिथल्या महापालिकेने रँड या संशोधन संस्थेला सोबत घेतलं. तिजोरीत पैसा कमी, आगी वाढलेल्या. कुठलं अग्निशमन केंद्र ठेवायचं, कुठलं बंद करायचं, हे गणिताने ठरवू म्हणाले. पण मोजायचं काय? नुकसान किती वाचलं हे मोजणं अवघड. म्हणून बंब पोचायला लागणारा वेळ धरला. त्यासाठी जवानांकडे स्टॉपवॉच दिली.

1972 पासून केंद्रं बंद होत गेली, त्यातली बरीचशी गरीब वस्त्यांतली. तिथे केंद्रं जवळजवळ होती, एक काढलं तरी कागदावर सरासरी फारशी बिघडत नव्हती. जो फ्लड या पत्रकाराने यावर पुस्तकच लिहिलंय. तो सांगतो, हिशेबात बंब कायम केंद्रातच तयार उभा आहे असं धरलं होतं. ब्रॉंक्समध्ये तर एका आगीवरून परतायच्या आत दुसरी लागायची! आणि रस्त्यावरची गर्दी? तीही धरली नव्हती. न्यूयॉर्कमध्ये, बरं का. 1970 ते 1980 या काळात ब्रॉंक्सच्या सात जनगणना विभागांतल्या 97 टक्क्यांहून जास्त इमारती आगीत गेल्या किंवा ओसाड पडल्या. सगळं खापर गणितावर फोडता येणार नाही, पण त्याचा वाटा होता.

मग डेटा नकोच का? तसं नाही. त्याच शहरात पुढे माइक फ्लॉवर्स यांच्या टीमने वेगळं काम केलं. बेकायदा खोल्या पाडून माणसं कोंबलेल्या घरांच्या वर्षाला सुमारे 25,000 तक्रारी, निरीक्षक जेमतेम 200. अशा घरांना आगीचा धोका जास्त. त्यांनी थकलेला कर, बँकेची जप्ती, उंदरांच्या तक्रारी हे सगळं जोडून पाहिलं. आधी 100 भेटींतल्या 13 घरांना रिकामं करायचा आदेश निघायचा, नंतर 70 च्या वर. त्यातली मला आवडलेली गोष्ट म्हणजे, फिरतीवरचा एक निरीक्षक म्हणाला, बाहेरचं वीटकाम नवं दिसलं की मालक घराकडे बघतोय असं समजा. टीमने वीटकामाचे परवानेही हिशेबात घेतले, आणि ते खरं निघालं.

आता आपलं बघू. तुमच्या तालुक्यातल्या नोंदवहीत बंब निघाल्याची वेळ लिहितात, की पोचल्याची? गल्लीत शिरता न आल्याचं कुठे लिहितात? माहिती अधिकारात हे विचारता येतं. अर्ज कन्नडमध्ये द्यायला मदत लागेल. मी मसुदा आणलाय, चहाच्या वेळी घ्या.