स्वातंत्र्याची किंमत : हैतीचे खाते



जगातील श्रीमंती आणि गरिबी हा आजचा विषय फार मोठा आहे. आम्ही काही अर्थतज्ज्ञ नव्हे. बँकेत कारकुनी करणाऱ्या आम्हांला खातेवही तेवढी वाचता येते. म्हणून आपल्यापुढे एकाच देशाचे खाते उघडून ठेवतो.

२०२२ च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातील वरच्या १० टक्के लोकांकडे एकूण संपत्तीचा ७६ टक्के वाटा आहे. खालच्या निम्म्या लोकांकडे अवघा २ टक्के. हे आकडे ऐकून पुष्कळ सुशिक्षित मंडळी म्हणतात, "गरीब आळशी असतात, दुसरे काय!" हैती देशाचे खाते या मंडळींनी अवश्य पाहावे.

कॅरिबियन समुद्रातील हैती ही फ्रान्सची वसाहत होती. आफ्रिकेतून धरून आणलेले गुलाम तेथे ऊस आणि कॉफी पिकवीत आणि मळेवाले गबर होत. १७९१ साली या गुलामांनी उठाव केला. नेपोलियनच्या फौजेला हरवून १ जानेवारी १८०४ रोजी त्यांनी आपला देश स्वतंत्र केला. शौर्यात ते कोठे कमी पडले?

पण १८२५ साली फ्रान्सचा राजा दहावा चार्ल्स याने युद्धनौका पाठवून बजावले की, स्वातंत्र्याला मान्यता हवी असेल तर १५ कोटी फ्रँक नुकसानभरपाई द्या. नुकसान कोणाचे? मळेवाल्यांचे! ज्यांनी चाबूक खाल्ला त्यांनीच चाबूक मारणाऱ्याला भरपाई द्यायची, असा हा न्याय.

पहिलाच हप्ता ३ कोटींचा होता. तिजोरीत तेवढा पैसा नव्हता, म्हणून पॅरिसमध्येच कर्ज काढावे लागले. कागदावर ३ कोटी, हातात मात्र २ कोटी ४० लाख! व्याज पुऱ्या रकमेवर. रक्कम देतानाच कापून घेणारा सावकार आपल्या वाडवडिलांनीही पाहिला आहे. १८३८ साली उरलेली भरपाई ६ कोटींवर आणली गेली, पण कर्ज फेडण्यासाठी नवे कर्ज हे चक्र थांबले नाही. या व्यवहारातून निघालेल्या कर्जांचा शेवटचा पैसा फिटला तो १९४७ साली!

हा पैसा भरला कोणी? मुख्यतः कॉफी पिकविणाऱ्या शेतकऱ्याने, निर्यातीवरील करातून. १८२६ साली तर हैतीच्या स्वतःच्याच सरकारने कायदा करून शेतमजुरांना मळ्यांशी बांधून टाकले. १८८० साली राष्ट्रीय बँक निघाली, ती पॅरिसच्या भांडवलावर. १९१४ साली अमेरिकी नौसैनिकांनी तिच्यातील पाच लाख डॉलरचे सोने उचलून न्यूयॉर्कला नेले आणि १९१५ ते १९३४ देशच ताब्यात ठेवला. शाळा, रस्ते, दवाखाने यांसाठी शिल्लक काय राहणार? आज हा अमेरिका खंडातील सर्वांत गरीब देश आहे.

२००३ साली राष्ट्राध्यक्ष आरिस्तीद यांनी फ्रान्सकडे २१०० कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत मागितली. एप्रिल २०२५ मध्ये फ्रान्सने इतिहासकारांचा आयोग जाहीर केला. पैसा मात्र अजून परत आलेला नाही.

मित्रहो, २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावले होते की, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता ही विसंगती फार काळ ठेवली तर लोकशाहीच धोक्यात येईल. हैतीचे खाते वाचताना त्या इशाऱ्याचा अर्थ अधिक उलगडतो. गुलामीची बेडी तुटली, तरी कर्जाची बेडी सव्वाशे वर्षे पायात राहू शकते.

म्हणून विद्यार्थ्यांना आमचे सांगणे एवढेच. कोणी गरिबाच्या नशिबाकडे बोट दाखविले तर त्याला विचारा : त्याने कमावले किती, भरले किती, व्याज कोणी खाल्ले? इतिहास आणि अर्थशास्त्र परीक्षेपुरते वाचू नका. सहीपूर्वी कागद वाचा, आपल्या वस्तीतील अडाणी माणसालाही वाचून दाखवा. हिशेब मागणारा समाज सहसा लुटला जात नाही.

जय भीम!