उदापासून बेन्झीनपर्यंत



परीक्षा संपली, निकाल हातात आहे; आता अभ्यासक्रमाबाहेरचं बोलायला हरकत नाही. रसायनशास्त्राच्या पदवीसाठी गेली काही वर्षं तुम्ही वहीभर षटकोन काढलेत. त्याला बेन्झीन का म्हणतात, हे मात्र कुठल्याच पेपरात विचारत नाहीत.

धुपाटण्यात निखाऱ्यावर ऊद टाकतो, ती सुमात्राकडच्या झाडांची राळ. अरब व्यापारी तिला ‘लुबान जावी’ म्हणत, म्हणजे जावाचा धूप. सुमात्रालाही ते जावाच म्हणत. युरोपात पोचताना सुरुवातीचा ‘लु’ लोकांना आपल्या भाषेतल्या उपपदासारखा वाटला, तो गळाला आणि उरलं बेन्झॉइन. त्यातून निघालं ते बेन्झॉइक आम्ल.

तुमच्या षटकोनातला द्रव, म्हणजे बेन्झीन, पहिल्यांदा वेगळा केला फॅरडेनं, १८२५ साली, दिव्याच्या गॅसमधल्या तेलकट गाळातून. त्यानं दिलेलं लांबलचक नाव टिकलं नाही. पुढे बर्लिनमध्ये रसायनज्ञ मिचर्लिखनं बेन्झॉइक आम्ल चुन्याबरोबर तापवून तोच द्रव मिळवला आणि त्याला ‘बेन्झिन’ म्हटलं. दुसरा रसायनज्ञ लीबिग, त्याला ते पटेना. ‘इन’ हा शेवट स्ट्रिक्निन, क्विनिन अशा अल्कलॉइडांच्या पंगतीतला. हे तर तेलासारखं, म्हणून ‘बेन्झॉल’. जर्मन लोक आजही बेन्झॉलच म्हणतात आणि मिचर्लिखचा टाकून दिलेला शब्द पेट्रोलला वापरतात. (मोटारवाल्या बेन्झचा इथे काही संबंध नाही. त्याचा जन्मच १८४४ चा.) इंग्रजीत ‘ऑल’ अल्कोहोलांसाठी राखलेलं, म्हणून तिकडे बेन्झीन रूढ झालं.

मला यात सर्वांत आवडतो तो फ्रेंच रसायनज्ञ लॉराँ. द्रव दिव्याच्या गॅसमधला, म्हणून त्यानं ‘प्रकाशणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून ‘फेन’ सुचवलं. माझ्या मते नाव त्याचंच सरस होतं. ते हरलं, पण फिनॉल आणि फिनाइल मागे ठेवून गेलं. फरशी पुसायच्या बाटलीवरसुद्धा.

नाव धुपाचं असलं तरी माल घातक आहे. बेन्झीनच्या वाफा वर्षानुवर्षं श्वासातून गेल्या, तर अस्थिमज्जा बिघडते, रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणून आपल्याकडे पेट्रोलमध्ये ते एक टक्क्याच्या वर चालत नाही आणि कारखान्यांत शक्य तिथे त्याच्या जागी टोल्यूईन आलं. एका मिथाइल गटाचा फरक, पण शरीर त्या गटालाच पकडतं, त्याचं बेन्झॉइक आम्ल करतं आणि ग्लायसिनशी जोडून लघवीवाटे बाहेर टाकतं. टोल्यूईनही निरुपद्रवी नाही, मेंदूवर परिणाम करतंच. तेव्हा तुमच्यापैकी जे महाडला, कुरकुंभला किंवा पाताळगंगेला कारखान्यात रुजू होतील, त्यांनी पहिल्याच आठवड्यात सुरक्षा अधिकाऱ्याला गाठावं आणि विचारावं: इथे कुठला द्रावक वापरता, आणि कामगारांची तपासणी शेवटची कधी झाली?