नाव आणि ठिकाण
(नभोवाणीवरील भाषणाचा मजकूर)

आपल्या या सीमाभागात गावाचे नाव टिकते, पण त्याची कचेरी बदलते. भैंसा गावाचेच पाहा. १९५६ पूर्वी ते नांदेड जिल्ह्यात होते. त्या वर्षीच्या राज्यपुनर्रचनेत ते आदिलाबादला जोडले गेले. आणि २०१६ साली आदिलाबादचे चार जिल्हे झाले, तेव्हा ते निर्मल जिल्ह्यात गेले. उलट, किनवट व राजुरा हे तालुके १९५६ मध्येच आदिलाबादमधून त्या वेळच्या मुंबई राज्यात गेले. जमिनीच्या कागदासाठी कोणते दार ठोठवायचे, हे केवळ गावाच्या नावावरून कळत नाही. ते त्या त्या वेळी पाहावे लागते. नाव ही एक गोष्ट आणि ठिकाण ही दुसरी. संगणकाच्या पोटातही हाच व्यवहार अहोरात्र चालू असतो. आज त्याच्याविषयी चार शब्द सांगावयाचे आहेत.

संगणकावरची कोणतीही आज्ञावली सहसा स्वयंपूर्ण नसते. पडद्यावर अक्षरे उमटविणे, फाइल उघडणे, वर्गमूळ काढणे ही नित्याची कामे प्रत्येक आज्ञावलीत पुन्हा पुन्हा लिहिण्याचे कारण नाही. ती एका सामाईक कोठारात ठेवलेली असतात. या कोठाराला लायब्ररी म्हणतात. त्याची एकच प्रत स्मृतीत ठेवून अनेक आज्ञावल्या ती वापरू शकतात, आणि कोठारातली चूक एकदा सुधारली की सर्वांचीच सुधारते. मात्र त्यासाठी आज्ञावलीत कामाचे केवळ नाव लिहिलेले असते, उदाहरणार्थ ‘प्रिंटएफ’. ते काम स्मृतीत कोणत्या क्रमांकाच्या जागी आहे, हे आधी ठाऊक नसते. शिवाय सुरक्षिततेसाठी हल्ली कोठारे दर वेळी निराळ्या जागी मांडली जातात. तेव्हा नावाची गाठ ठिकाणाशी घालून देणारा कोणीतरी हवा. त्याचे नाव डायनॅमिक लिंकर. नावावरून जागा शोधण्याची ही कल्पना १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेतील मल्टिक्स या प्रणालीत प्रत्यक्षात आली. आज लिनक्सच्या संगणकात आणि आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनमध्येही ती नांदते आहे.

आता आरंभीच्या क्षणी काय घडते ते पाहू. आपण आज्ञावली सुरू करतो, तेव्हा कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, तिला स्मृतीत आणतो. आज्ञावलीच्या आरंभी आपल्या लिंकरचे नाव लिहिलेले असते. कर्नल त्यालाही आणतो आणि सूत्रे आधी त्याच्याच हाती देतो. येथे एक मौजेची अडचण आहे. लिंकरच्या स्वतःच्या पत्त्यांचीही मांडणी अजून झालेली नसते, आणि ती करून देणारा दुसरा कोणी नसतो. म्हणून तो प्रथम कोणाचीही मदत न घेता स्वतःचे पत्ते दुरुस्त करतो. मगच तो आवश्यक कोठारांची यादी वाचतो, एकेक कोठार स्मृतीत आणतो आणि नावे शोधू लागतो. शोध ठरलेल्या क्रमाने चालतो: आधी मूळ आज्ञावली, नंतर यादीतली कोठारे. एकच नाव दोन ठिकाणी आढळले, तर आधी सापडलेले ग्राह्य धरले जाते.

सापडलेले पत्ते एका तक्त्यात नोंदले जातात. ही नोंद दोन रीतींनी होते. पहिल्या रीतीत एखादे काम प्रथम मागितले जाईल तेव्हाच त्याचा पत्ता शोधतात. पुढच्या खेपेस तक्ता पाहिला की झाले. दुसरीत सर्व पत्ते आरंभीच शोधून तक्त्याला जणू कुलूप लावतात, म्हणजे मागाहून कोणी खाडाखोड करू नये. पहिलीत आरंभ लवकर होतो. दुसरीत सुरक्षितता अधिक.

हा विषय केवळ यंत्रज्ञांचा नाही, हे २०२४ साली दिसून आले. फाइलींचा संकोच करणाऱ्या ‘एक्सझेड’ या कोठाराच्या ५.६.० व ५.६.१ या आवृत्त्यांत कोणीतरी गुप्त चोरवाट ठेवली होती. ती ठेवणाऱ्याने ‘जिया टॅन’ हे नाव धारण करून दोन वर्षांहून अधिक काळ काम करीत इतरांचा विश्वास संपादन केला होता. काही लिनक्स प्रणालींत, दूरच्या संगणकात प्रवेश देणारी आज्ञावली आडमार्गाने हे कोठार सोबत घेत असे. चोरवाटेची युक्ती अशी, की तक्त्याला कुलूप लागण्यापूर्वीच्या आरंभक्षणी ती जागी होई आणि प्रवेशाची किल्ली तपासणाऱ्या कामाच्या नावापुढे स्वतःचा पत्ता लिहून ठेवी. नाव तेच, दारामागचा माणूस मात्र बदललेला!

आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला प्रवेशास सुमारे अर्धा सेकंद अधिक लागतो असे जाणवले. त्याने ते दुर्लक्षिले नाही. त्याने माग काढला, आणि २९ मार्च २०२४ रोजी सारे जाहीर केले. विष बहुतेक स्थिर प्रणालींत पोचण्यापूर्वीच हा डाव उघडकीस आला.

लिनक्सवरील या लिंकरचा सांभाळ ज्या ग्नू सी लायब्ररीत होतो, तिच्या २०१७ मधील २.२५ व २.२६ या आवृत्त्या प्रसिद्ध करण्याची जबाबदारी पुण्यात काम केलेल्या सिद्धेश पोयरेकर यांनी पार पाडली. हे क्षेत्र आपल्या मुलांना परके नाही, एवढे त्यावरून ध्यानी यावे. संगणकाच्या वर्गात बटणे दाबण्यास शिकविणे पुरेसे नाही. या नावामागे कोण आहे, आणि ते कोणी ठरविले, हा प्रश्न विचारण्याची सवय मुलांना लागली पाहिजे. अर्ध्या सेकंदाच्या विलंबानेही ज्याला चैन पडत नाही, असा एक जागरूक माणूस पुष्कळांचे रक्षण करतो.