विंटरसेट गांवची हकीकत
(शेतकरी व कारागीर मंडळींपुढें केलेलें भाषण)



न्यूयॉर्क, शिकागो ह्या शहरांच्या गप्पा आपण पुष्कळ ऐकतों. परंतु अमेरिकेचा नांगर जेथें चालतो, तेथलें एखादें गांव कसें असतें हें आपणांस कोणी सांगत नाहीं. म्हणून आज विंटरसेटची हकीकत सांगतों.

आयोवा हा मक्याचा प्रांत. त्यांत मॅडिसन नांवाची कौंटी आहे. कौंटी म्हणजे आपला तालुका समजा. कोर्ट, कचेरी, जमिनीचीं दप्तरें जेथें, तें तिचें ठाणें. मॅडिसनचें ठाणें विंटरसेट.

ही जमीन कांहीं ओसाड पडलेली नव्हती. सॉक व मेस्क्वाकी लोक तेथें नांदत होते. १८४२ च्या तहानें सरकारनें ती त्यांच्याकडून घेतली व १८४५ पर्यंत त्यांस मुलूख सोडावा लागला. दुसऱ्याच वर्षीं गोरे वसाहतवाले शिरले. मेस्क्वाकींपैकीं कांहींजण मात्र परत आले आणि १८५७ सालीं आयोवांतच ८० एकर जमीन त्यांनीं रोख पैसे मोजून विकत घेतली. आपल्याच मुलखांत आपणच गिऱ्हाईक! असो.

गांव १८४९ सालीं आंखलें. नांव ठेवतांना कोणी ‘समरसेट’ सुचविलें. पण भर उन्हाळ्यांत त्या दिवशीं थंडी पडली होती, म्हणून समर म्हणजे उन्हाळा जाऊन विंटर म्हणजे हिवाळा आला, अशी कथा तेथें सांगतात.

ह्या कौंटींत ओढ्यानाल्यांवर लांकडी पूल बांधले, तेही घरासारखे छप्पर घातलेले. कारण साधें आहे. पुलाच्या तळाच्या जाड तुळया महाग. छपराच्या फळ्या स्वस्त. फळ्या भिजोत, तुळया वांचोत! १९ पुलांपैकीं आज ६ उभे आहेत. १९९२ सालीं एक प्रेमकथेची कादंबरी निघाली, १९९५ त तिचा चित्रपट झाला, आणि जग पूल पाहावयास धांवलें. पण त्यांतले बरेच पूल बांधणारा बेंटन जोन्स हा सुतार, त्याचें नांव किती पाहुणे विचारतात?

आतां सफरचंद. बाजारांत काश्मीरचें जें लाल ‘डेलिशस’ मिळतें, त्याचें मूळ झाड ह्याच कौंटींतील पेरू गांवचें. जेसी हायेट ह्या शेतकऱ्याच्या बागेंत एक रोप ओळ सोडून उगवलें. त्यानें तें छाटलें, तें पुन्हां फुटलें. पुन्हां छाटलें, पुन्हां फुटलें. तेव्हां तो म्हणाला, जगायचेंच असेल तर जग. पुढें १८९० नंतर स्टार्क ह्या रोपवाटिकेच्या कंपनीनें त्याचे हक्क घेतले व फळ जगभर गेलें. १९४० च्या कडाक्याच्या थंडींत मूळ झाड मेलें, तरी मुळांतून धुमारा आलाच.

१८७७ सालीं हेन्री वॉलेस नांवाचा धर्मोपदेशक प्रकृति बिघडल्यामुळें विंटरसेटला येऊन शेती करूं लागला. शेती करतां करतां तो तेथल्या वर्तमानपत्रांत कुळंबाऊ भाषेंत लिहूं लागला. खत कसें, पेरा कसा, आणि कांटेरी तारेचा मक्ता घेऊन बसलेले कारखानदार शेतकऱ्यास कसे नाडतात, हें तो लिही. पुढें त्याच्या घराण्याचें पत्र मक्याच्या मुलखांत घरोघर वाचलें जाई. मुलगा व नातू दोघेही अमेरिकेचे शेतकीमंत्री झाले. नातू १९४१ ते १९४५ पर्यंत उपराष्ट्राध्यक्ष होता.

ह्या नातवाला लहानपणीं रानांत नेऊन वनस्पती ओळखावयास कोणी शिकविलें, ठाऊक आहे? गुलामीत जन्मलेल्या जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हरनें. वीणा गवाणकर ह्यांच्या १९८१ च्या ‘एक होता कार्व्हर’ पुस्तकामुळें तो मराठी घरांत माहीत आहे. १८८५ सालीं कॅन्सासमधल्या एका कॉलेजनें त्यास पत्रानें प्रवेश दिला, आणि तो दारांत उभा राहतांच कातडें पाहून परत पाठविलें. मग शिकण्याची आशाच सुटल्यासारखी झाली. १८८८ च्या सुमारास तो विंटरसेटला आला, एका हॉटेलांत स्वयंपाकी झाला, पुढें लोकांचे कपडे धुऊन पोट भरूं लागला. देवळांत त्याचें गाणें ऐकून मिलहॉलंड नांवाच्या गोऱ्या बाईनें त्यास घरीं बोलाविलें. डॉक्टर नवरा व ती, दोघांनीं त्याच्या मागें धोशा लावला कीं, पुन्हां कॉलेजांत जा. एकदां दारांतून हांकललेल्या माणसाला पुन्हां दार ठोठावयास लावणें सोपें नव्हे! १८९० सालीं शेजारच्या कौंटीचें ठाणें इंडियनोला, तेथील सिम्पसन कॉलेजनें त्यास घेतलें. दुसऱ्या वर्षीं तो एम्सच्या शेतकी कॉलेजांत गेला; १८९४ त पदवी, १८९६ त त्याहून वरची पदवी, आणि त्याच वर्षीं टस्कीगीला आपल्या लोकांना शिकविण्यास गेला. विंटरसेटला तो फार तर दोन वर्षें राहिला असेल. पण तेथें तो दोन माणसांस भेटला नसता, तर?

आतां शिरगणती. १९०० सालीं गांवांत सुमारें ३ हजार, कौंटींत १७ हजारांवर माणसें होतीं. मग यंत्रें आलीं. दहा घरांची जमीन एक घर कसूं लागलें. नऊ घरांचीं पोरें शहरांत गेलीं. १९९० पर्यंत कौंटी साडेबारा हजारांच्या आसपास येऊन ठेपली. २०२० सालीं गांव ५,३५३ व कौंटी १६,५४८ झाली. पण ही वाढ शेतानें केलेली नाहीं. डे मॉइन ही प्रांताची राजधानी सुमारें ३५ मैलांवर. पुष्कळ लोक सकाळीं मोटारीनें तिकडे नोकरीस जातात व रात्रीं निजावयास गांवीं येतात. ज्यांच्या जवळ असें शहर नाहीं, अशा आयोवाच्या कितीतरी कौंट्या अजून रिकाम्या होतच आहेत.